सात खणांची डबी

"किती पितात हे?" असं त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेही कॉफीत साखर किती घालू इतक्या सहज, आणि मार्लिस कांगास गप्प राहिली. फार वेळ नाही. हातातल्या कागदी पेल्याचं झाकण अंगठ्यानं दाबून नीट बसवायला लागतो तेवढाच वेळ. पण तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं. खाटेवर अर्वो डोळे मिटून पडला होता, नाकात नळी, हाताला सुई, पोट फुगून ताठ झालेलं. त्यानं डोळे उघडले आणि डॉक्टरकडे न बघता मार्लिसकडे बघितलं. मग ती म्हणाली, "नाही हो, अजिबात नाही. एकोणीस वर्षं झाली सोडून." हे तिनं लगेच म्हणायला हवं होतं आणि लगेच म्हटलं नव्हतं, हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळलं होतं. डॉक्टर व्हांगनं मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मार्लिसला दिसलं नाही, पण न दिसताही वाचता आलं.

"स्वादुपिंडाला भलतीच सूज आलीय," डॉक्टर व्हांग म्हणाली. मुलगी अशी तिशीची, केस मागं घट्ट बांधलेले, बुटांवर रस्त्यातला बर्फ वितळवायला टाकतात ते मीठ अजून वाळलेलं. "असं झालं की आम्ही दोन गोष्टी आधी बघतो. एक म्हणजे पित्ताशयात खडे. ते यांना नाहीत." दुसरी गोष्ट कोणती ते तिनं सांगितलं नाही. "रक्तात कॅल्शियमही वाढलंय. ते कशानं, ते अजून कळत नाही. काही तपासण्या बाहेर पाठवल्यात, उद्यापर्यंत येतील. मूत्रपिंडांवर ताण आलाय, त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस नाजूक आहेत. आणि मिसेस कांगास, यांच्या सगळ्या गोळ्यांच्या बाटल्या उद्या घेऊन या. काल दाखल करताना तुम्ही रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची, अ‍ॅस्पिरिन आणि 'व्हिटॅमिन वगैरे' एवढंच सांगितलंत." मार्लिस म्हणाली आणते. डॉक्टर गेल्यावर खोलीत फक्त सलाईनच्या यंत्राची टिकटिक राहिली. खिडकीबाहेर अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या डुलुथचा मार्च महिना, म्हणजे करडं आभाळ, करडं तळं आणि मधे काही नाही. "मार्लिस," अर्वो म्हणाला. घसा कोरडा पडून त्याचा आवाज खरडल्यासारखा येत होता. "माझ्या पँटच्या खिशात बघ." कपाटात त्याचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवले होते. खिशात ते नाणं होतं. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी दारू सोडलेल्यांची बैठक बसते, तिथं वर्ष पुरं झालं की देतात ते. मागच्या महिन्यातच मिळालेलं, एकोणीसचं. "घरी घेऊन जा ते." "का रे? राहू दे की तुझ्याजवळ." "ने. शोधून झालं, की परत आण." "काय शोधून झालं की?" तिनं विचारलं. त्यानं डोळे मिटून घेतले. पिशवीची गाठ मारता मारता मार्लिसच्या मनानं तेवढ्यात ठरवूनही टाकलं होतं, की सुरुवात गॅरेजपासून करायची.

शोधायचं कसं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षांच्या संसारातली पहिली वीस-एकवीस वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? बाटली माणसाच्या उंचीला कधी नसते, वाकावं लागतं किंवा चढावं लागतं, हे तिला पाठ होतं. परसातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, खोलीत दगडांच्या शेगडीमागं, सरपणाच्या रांगेत तळापासून तिसऱ्या ओंडक्याआड, होडीतल्या केशरी जाकिटात, संडासाच्या टाकीत, एकदा तर तिच्या स्वतःच्या शिवणाच्या टोपलीत, लोकरीच्या गुंड्यांखाली. ती बाटली सापडली तेव्हा तिला हसू आलं होतं, इतकं की क्रिस्टा, तेव्हा आठ-नऊ वर्षांची पोर, स्वयंपाकघरातून धावत आली आणि आईला हसताना बघून तीही हसायला लागली. दारूचं मार्लिसला इतकं वाटत नसे. तिचा बाप प्यायचा, तिचे काका प्यायचे, खनिजाच्या धक्क्यावर बोटी भरणारे निम्मे लोक प्यायचे. तिला सहन व्हायचं नाही ते खोटं. अर्वो खोटं बोलायचा तो डोळ्याला डोळा भिडवून, शांतपणे, मुलाला समजवावं तसं. 'मी धक्क्यावरच होतो.' 'तुला भास झाला.' 'असं काय करतेस मार्लिस, वेडी का तू?' आणि तिला खरंच वाटायला लागायचं, की आपण वेड्या आहोत. मग एका फेब्रुवारीत तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपटाबाहेर तो बर्फात तीन तास पडून राहिला, दारू आधीच सोडलेल्या त्याच्या दोस्तानं, ड्वेन सोरेन्सननं, त्याला घसरगाडीवर घालून आणला, डाव्या पायाची दोन बोटं गेली, आणि त्या दिवसापासून ड्वेननं त्याला गुरुवारच्या बैठकीला नेलं ते नेलंच.

तिथं त्याला दोन गोष्टी शिकवल्या, प्यायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. पहिली त्यानं पाळली, पण दुसरी त्यानं जी मनावर घेतली, विचारू नका. पाद्रीबाबांना जाऊन सांगितलं, की तुमचं प्रवचन चालू असताना मी झोपतो. मार्लिसच्या बहिणीनं नवी टोपी कशी दिसते म्हणून विचारलं, तर म्हणाला वाईट. बारा वर्षांपूर्वी शेजाऱ्यांची टपालपेटी आपल्या गाडीनं चेपली होती, हे त्यानं ती शेजारीण घर विकून फ्लोरिडाला जायला निघाली त्या दिवशी, सामानाची गाडी दारात उभी असताना, तिला सांगितलं. "अरे, कशाला उकरून काढायचं ते?" मार्लिस वैतागून म्हणाली होती. "माझ्याकडे राहिलं होतं ते," तो म्हणाला. एकोणीस वर्षं. तो खरं बोलायचा आणि ती ऐकायची, आणि खरं सांगायचं तर या एवढ्या काळात तिनं त्याच्यावर एकदाही पुरता विश्वास टाकला नव्हता. शोधायचं थांबवलं होतं, इतकंच. शोधणारी बाई आत कुठंतरी पाय दुमडून बसली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी हाक मारताच 'आले' म्हणून उठली.

शनिवारची दुपार मार्लिसनं त्यात घालवली. गॅरेज झालं, बर्फ ढकलायच्या यंत्राच्या मागची जागा झाली, हत्यारांचे ड्रॉवर झाले. सौनाच्या खोलीत शिरली तेव्हा तिथला गारवा अंगावर आला. शनिवार असून शेगडी थंड, असं या घरात कधी झालं नव्हतं. बाकावर त्याचा टॉवेल घडी घालून ठेवलेला होता, आजच्या दिवसासाठी. तिनं तो उचलून नाकाला लावला. सौनात अंगावर झोडतात त्या बर्चच्या पानांचा, साबणाचा आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा वास आला. मग दगडांमागं हात घातला. हाताला राख लागली. आणि असं गुडघ्यांवर बसलेली असताना तिला आपली लाज वाटली का, तर वाटली, पण थांबवेना. कारण पुरावे नव्हते असं नाही. जानेवारीपासून अर्वोचं काहीतरी बिनसलं होतं आणि ती ते डोळ्यांत तेल घालून बघत होती. त्याला तहान लागायची, सारखी, पाण्याचे तांबेच्या तांबे रिचवायचा आणि लघवीला पळायचा. जेवण जाईना. भर दुपारी खुर्चीत झोपायचा. किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. एकदा तिला 'एलिना' म्हणाला, म्हणजे आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली, आणि तिनं दुरुस्त केलं तर चिडला. हे सगळं तिनं पूर्वी पाहिलेलं होतं, याच माणसात, याच क्रमानं. म्हणून गेले सहा आठवडे ती, कुणाला सांगायची सोय नाही, त्याचा कॉफीचा कप विसळायच्या आधी हुंगत होती. रोज. नाक कपात घालून, डोळे मिटून. कॉफीचाच वास यायचा. आणि वास येत नाही म्हणून जीव भांड्यात पडायच्या ऐवजी तिला वाटायचं, बाई, हा आता हुशार झालाय.

ड्वेन आला तेव्हा ती तळघराच्या पायरीवर बसली होती, केसांत कोळिष्टकं. ड्वेन आता शहात्तरचा, हातात त्याच्या बायकोनं दिलेली बटाटे-खिम्याची हॉटडिश, फॉइलमध्ये गुंडाळलेली. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग उघड्या पडलेल्या खोक्यांकडे. "काही सापडलं?" "काय सापडायचंय?" मार्लिस म्हणाली. "लोणच्याच्या बरण्या शोधतेय." "बरं," ड्वेन म्हणाला, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला, गुडघे वाजले त्याचे. "मी आत्ता त्याच्याकडूनच येतोय. त्याला विचारलं मी. विचारावं लागतं ना. म्हटलं, अर्वो, घसरलास का? तर म्हणाला, नाही." "मग?" "मग काय मग? नाही म्हणाला." "तुझा विश्वास बसला?" ड्वेननं हॉटडिश एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "मार्लिस, हा माणूस मला गेल्या वर्षी फोन करून सांगतो, की तुझ्या बायकोची हॉटडिश खारट होती आणि मी छान आहे म्हणालो, तर ते मागे घ्यायचंय. आता असला माणूस घसरला, तर तो पहिला फोन कुणाला करेल?" "सगळेच असं बोलतात, सापडेपर्यंत," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला, वीस वर्षांपूर्वीच्या मार्लिसचा. ड्वेननं हॉटडिश तिच्या मांडीवर ठेवली आणि उठला. जाताना एवढंच म्हणाला, "ती गरम करून खा. खारट नाहीये, मी बघितली." क्रिस्टाचा अ‍ॅरिझोनाहून फोन आला, तर तीही आधी रडली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, बाबा परत पितायत का गं?" म्हणजे पोरीनंही तेच. मार्लिस म्हणाली, "माहीत नाही." हे उत्तर देताना एप्रनच्या खिशात नाणं तिच्या बोटांना लागत होतं. अंगठ्यानं घासून घासून त्याची एक कड गुळगुळीत झाली होती, एकाच महिन्यात. माणूस दिवसातून किती वेळा घासत असेल.

रविवारी ती चर्चला गेली नाही. गेली असती तर कॉफीच्या टेबलावर बायका भोवती जमल्या असत्या, 'काय झालं अर्वोला' म्हणाल्या असत्या, आणि स्वादुपिंड म्हटल्यावर क्षणभर सगळ्यांच्या बश्या थांबल्या असत्या. त्यांना सगळं माहीत होतं. या गावात हिवाळ्याच्या टेबलावर लोक एकमेकांचं वय विचारत नाहीत, पण तुझं डी किती, हे विचारतात. सहा महिने ऊन नाही, अंगावर चार थर, तेव्हा व्हिटॅमिन डीचा आकडा ज्याचा त्याला पाठ. कोणी बावीस, कोणी एकतीस. एकीचा अठ्ठावन्न, ती सांगायची तेव्हा मान जरा वर असायची. ऑक्टोबरात अर्वोचा आला नऊ. "नऊ?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. "अगं, मग चालतो कसा तो?" मार्लिसला ओशाळल्यासारखं झालं होतं, जणू नवऱ्याला जेवायला घालत नाही. आणि त्याच वेळी, हे तिला तेव्हा उमगलं नव्हतं, तिला आतून बरंही वाटलं होतं. दारूच्या दिवसांत तिच्या हातात काहीच नव्हतं. रडली, ओरडली, बाटल्या ओतल्या, काही म्हणून उपयोग झाला नाही. मग तो सुधारला तो ड्वेनमुळे, त्या तळघरामुळे, देवामुळे म्हणा; तिच्यामुळे नाही. आणि आता म्हातारपणी पहिल्यांदा त्याच्यात असं काही कमी निघालं होतं, जे ती भरून काढू शकत होती. डॉक्टरांनी हिरव्या तेलकट गोळ्या लिहून दिल्या, मोठ्या ताकदीच्या. उजेडात धरली की गोळीच्या आत छोटासा पिवळा ठिपका चमकायचा. उन्हाची गोळी, म्हणायची ती. "अर्वो, ऊन घेतलंस का?" सकाळी विसरला तर मागून हाक मारून द्यायची. जानेवारीत तो मलूल झाला तेव्हा तर ती आणखीच काटेकोर झाली. एक दिवस चुकू दिला नाही.

रविवारचं तिचं एक काम ठरलेलं होतं. चर्चहून आलं, कॉफी टाकली, की टेबलावर सात खणांची डबी उघडायची आणि आठवड्याच्या गोळ्या भरायच्या. रक्तदाबाची सात, कोलेस्टेरॉलची सात, अ‍ॅस्पिरिन सात, ऊन सात. हात आपोआप चालायचा. डोकं जेवणाकडे, क्रिस्टाकडे, कुठंही. त्या रविवारीही ती सवयीनं टेबलाशी बसली आणि डबी उघडल्यावर तिच्या लक्षात आलं, की शनिवारचा खण भरलेलाच आहे आणि भरायचं कुणासाठी. मग आठवलं, डॉक्टरीणबाईंनी बाटल्या मागितल्यात. कालच्या शोधाशोधीत तेवढं राहूनच गेलं. नुसत्या बाटल्या नेण्यापेक्षा यादी करून न्यावी म्हणून तिनं पाकिटाच्या पाठीवर पेन टेकवलं आणि चष्मा लावला. चष्मा ती गोळ्या भरताना कधी लावत नसे. कशाला लावायचा, रंग तर दिसतात. रक्तदाबाची, दिवसातून एक. कोलेस्टेरॉलची, दिवसातून एक. अ‍ॅस्पिरिन, दिवसातून एक. चौथी बाटली तिनं उचलली, ती औषधाच्या दुकानातून नोव्हेंबरात मिळालेली छोटी केशरी बाटली. त्यावर अर्वोचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, आठवड्यातून एक गोळी. बारा आठवडे. एकूण गोळ्या बारा.

तिनं ते परत वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं, पण अक्षरं काही हलायला तयार नव्हती. बारा. बारा गोळ्या तर दोन आठवड्यांतच संपल्या होत्या. तिला आठवलं, अगदी स्वच्छ आठवलं, की त्या संपल्या तेव्हा ती क्रिस्टाला फोनवर म्हणाली होती, "कसले चिक्कू लोक गं हे, बारा गोळ्या देतात मोजून, त्याला काय होतंय?" आणि क्रिस्टा म्हणाली होती, "अगं थांब आई, त्याच ताकदीच्या मी मागवून देते, एकशेवीसची बरणी येते." आली. बरणी उंच, फळीवर मावेना, म्हणून मार्लिस तिच्यातल्या गोळ्या या छोट्या बाटलीत भरून ठेवायची आणि दर रविवारी या बाटलीतून डबीत. म्हणजे दर रविवारी ही चिठ्ठी तिच्या हातात होती. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दर रविवारी, तिच्या अंगठ्याखाली. तिनं शनिवारच्या खणातली हिरवी गोळी काढून तळहातावर घेतली. एकीच्या जागी सात. तिला मोजता येईना. चौदा आठवडे, त्याचे दिवस किती, ते बोटांवर मोजायला लागली आणि मधेच विसरली. तहान, ती यानं. न जाणारं जेवण यानं. फ्रीजमधल्या किल्ल्या यानं. ती ज्या कपात नाक घालून हुंगत होती, त्याच्या शेजारीच ही डबी रोज उघडी असायची, आणि डबीचा वास तिनं कधी घेतला नाही.  कॉफी उकळून उतू गेली, चुलीवर करपली, घरभर वास सुटला, तरी ती बसलेलीच.

गाडी चालवत इस्पितळात जाताना ती मोठ्यानं बोलून बघत होती. 'डॉक्टर, माझी चूक झाली.' नाही, असं नको. 'डॉक्टर, या गोळ्या मी त्याला रोज देत होते.' उतारावर खाली तळं दिसलं, किनाऱ्याजवळचा बर्फ फुटायला लागला होता, मोठे मोठे तुकडे एकमेकांवर चढत होते. 'रोज देत होते, मी वाचलं नाही.' 'मी वाचलं नाही', एवढं तीन शब्दांचं, पण लाल दिव्याशी थांबली तेव्हा तिला कळलं, की हे सांगितल्यावर पुढचं वाक्य कोणाचं असेल ते तिला ठाऊक नाही, आणि पुढचं वाक्य ऐकायची तिची छाती नाही. पर्समध्ये चार बाटल्या खुळखुळत होत्या. खिशात नाणं. तिनं ठरवलं, आधी अर्वोला सांगायचं. त्याला सांगून मग डॉक्टरला. तो चिडला तर चिडू दे. त्यानं आयुष्यभर केलेलं एका बाजूला आणि हे एका बाजूला, असा हिशेब तिच्या मनात डोकावला, आणि तिनं तो ताबडतोब झटकला, कारण त्याची बाजू त्यानं एकोणीस वर्षं रोज थोडी थोडी फेडली होती आणि तिनं फेडलेली एकदाही मान्य केली नव्हती. मूत्रपिंडांवर ताण आलाय, दोन-तीन दिवस नाजूक आहेत, असं म्हणाली होती ती मुलगी. मेला तर? तर तो दारूनं मेला, असं सगळं गाव म्हणेल. आणि आपण? आपण तिथं कॉफीच्या टेबलाशी बशी धरून उभ्या राहू आणि गप्प बसू?

खोलीत डॉक्टर व्हांग आधीच होती. मार्लिस दारातच थबकली. अर्वोचा चेहरा कालच्याहून पिवळा दिसत होता, ओठ फुटलेले, पण डोळे उघडे होते आणि तो तिच्याचकडे बघत होता. "या मिसेस कांगास, तुमचीच वाट बघत होते," डॉक्टर म्हणाली, आणि चक्क खुर्ची पुढं केली तिनं. "कारण सापडलं. काल मी तुम्हाला दारूचं विचारलं ना, त्याबद्दल आधी माफी मागते. विचारावं लागतं आम्हाला. पण दारूचा काही संबंध नाही." मार्लिसनं पर्सची चेन धरली. "यांच्या रक्तातलं व्हिटॅमिन डी इतकं वाढलंय, की आमच्या प्रयोगशाळेनं दोनदा तपासलं. त्यानं कॅल्शियम चढलं आणि कॅल्शियमनं स्वादुपिंड सुजलं. कमी असतं तेव्हाही त्रास आणि जास्त झालं तरी त्रास, हे लोकांना पटतच नाही. म्हणतात, व्हिटॅमिनच तर आहे." ती अर्वोकडे वळली आणि मास्तरीण बोलते तशी, पण मायेनं म्हणाली, "आणि हे तुमचे शूर पुरुष. आठवड्याची गोळी रोज घेत होते म्हणे, स्वतःच्या मनानं. का, तर लवकर बरं वाटावं. आज सकाळी कबूल केलं त्यांनी."

मार्लिसनं अर्वोकडे बघितलं. तो डोळ्याला डोळा भिडवून, शांतपणे बघत होता. ही नजर तिच्या ओळखीची होती. वीस वर्षांनी दिसली, तरी लगेच ओळखली तिनं. "होय," तो म्हणाला, "मीच. डबीत जास्तीच्या टाकायचो, हिचं लक्ष नसताना." "बघा," डॉक्टर म्हणाली. "आता सलाईन आणि औषधांनी कॅल्शियम उतरवतोय. उतरेल असं वाटतंय, पण मूत्रपिंडांचं मी आजच काही सांगू शकत नाही. घरी गेले, तर एक करा मिसेस कांगास. यापुढे गोळ्या तुम्हीच भरत चला. यांच्या हातात डबी देऊ नका. चालेल?" मार्लिसनं तोंड उघडलं. शब्द होते, गाडीत घोकलेले, तीनच. पर्समध्ये बाटली होती, बाटलीवर चिठ्ठी होती. सलाईनच्या यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. कागदी पेल्याचं झाकण नीट बसवायला लागेल, तेवढा वेळ गेला. "चालेल," ती म्हणाली.

डॉक्टर गेली. दार आपोआप हळूहळू बंद झालं, ते पूर्ण बंद होईपर्यंत दोघंही त्याच्याकडेच बघत होते. मग मार्लिस रडायला लागली, आवाज न करता, नाक पुसत, आणि म्हणाली, "अर्वो, तुला माहीत होतं?" "त्या पोरीनं विचारलं, डीची गोळी कधी घेता, तर मी म्हटलं रोज. तिचा चेहरा बघितला तेव्हा कळलं." थोडं बोललं तरी त्याला धाप लागत होती. "मग खरं का नाही सांगितलंस? तू तर टपालपेटीचंसुद्धा सांगून टाकतोस."  "तुला बोलावून विचारलं असतं त्यांनी," तो म्हणाला, "आणि तू गप्प राहिली असतीस, कालसारखी. मला ते परत बघायचं नव्हतं."  तिनं खिशातून नाणं काढलं, त्याचा सुजलेला हात उलटा केला आणि तळहातावर ठेवलं. "शोधून झालं," ती म्हणाली. "घरात काही नव्हतं." अर्वोनं मूठ मिटली नाही. तळहात जरासा कलता केला, आणि नाणं घरंगळून चादरीवर, तिच्या बाजूला येऊन पडलं. "आता ते माझं नाही, मार्लिस," तो म्हणाला. "ठेव तुझ्याजवळ." तिनं ते उचललं. जेवणाची वेळ झाली होती, बाहेर गाडा आल्याचा आवाज येत होता, आणि त्याला अजून तोंडानं काही द्यायचं नव्हतं.